भिंतीवरची कोरी जागा

तिचं काम भिंती रंगवायचं. पण ब्रशला हात लावण्याआधी नक्षी संगणकाकडून काढून घ्यायची, ही तिची पद्धत. मुलं शिकतात तसला साधा चित्रांचा प्रोग्राम होता तो. पडद्यावरच्या पेनाला सांगायचं, थोडं पुढे जा, थोडं वळ, पाऊल जरासं वाढव आणि हेच करत राहा. बघता बघता रेषांचं फूल उमलायचं. ते प्रोजेक्टरने भिंतीवर पाडायचं आणि वरून रंग चढवायचा.

त्या दुपारी दवाखान्यातला मुलांचा वॉर्ड रंगवायचा होता. दुरुस्तीसाठी अख्खा मजला रिकामा केलेला. खाटा एका बाजूला रचलेल्या, खिडक्यांना काळा कागद, ओल्या चुन्याचा वास. तिचा धाकटा भाऊ वायरमन, तोही त्याच इमारतीत कामाला. "ताई, वरची लाइन बघून येतो, मग चहा घेऊ," म्हणून गेला तो गेला. फोनही उचलेना. कामात असला की त्याला जगाचं भान नसतं, म्हणून तिने मनावर घेतलं नाही.

तिने प्रोग्राम चालवला. भिंतीवर रेषा गोल गोल फिरत निघाल्या आणि कोपऱ्यात, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, अडल्या. वळसा घालून पुढे गेल्या. मध्ये हातभर जागा कोरीच.

"आकडा चुकला असेल," ती पुटपुटली. तिने वळण बदललं. फुलाऐवजी जाळी आली, पण कोरी जागा तिथेच. लॅपटॉपवर पाहिलं, तर तिथे जाळी अखंड होती.

तिने प्रोजेक्टर बाजूला सरकवला. सगळी जाळी सरकली... कोरी जागा हलली नाही.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. इतक्यात कुणी न सांगता पेन पुन्हा निघालं. नियम सोडून त्या जागेभोवतीच घिरट्या घालू लागलं. घाईघाईने, रेषेवर रेष... आणि एकाएकी प्रोजेक्टर बंद पडला. त्याची घरघर थांबली तेव्हा कुठे दुसरा आवाज कानावर आला. भिंतीत कुणीतरी कण्हत होतं.

ती दाराकडे धावली. उंबऱ्यावर मात्र तिचे पाय थबकले. हे कण्हणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी तापाने फणफणला की भाऊ असाच कण्हायचा.

ती माघारी वळली, गुडघ्यांवर बसून तिने त्या जागेवर थाप मारली. पोकळ! भिंत कुठली, रंग फासलेली फळी होती ती.

"काका! पहार घेऊन या, लवकर!" तिने जिन्यातून हाक मारली. रखवालदार धापा टाकत आला. दोघांनी मिळून फळी उचकटली. आत नळांसाठी सोडलेली अरुंद पोकळी होती. वरच्या मजल्यावरची कुजकी फळी मोडून भाऊ थेट खाली येऊन अडकला होता. नखशिखांत धुळीने माखलेला, पाय मुडपलेला, पण श्वास चालू होता.

तळमजल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि ते हसून म्हणाले, "पायाला प्लास्टर घालू. जिवाला धोका नाही." ती बाकावर बसली आणि हसता हसता रडू लागली. "मला चहा पाजायचा होता ना रे तुला, गाढवा!"

"डोक्याची पट्टी मात्र झकास बांधलीत," डॉक्टर म्हणाले. "रक्त त्यानेच थांबलं."

"पट्टी? मी नाही बांधली..." तिने रखवालदाराकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि तो हळूच म्हणाला, "मी फक्त वरचं आणि भिंतीतलं, दोन्ही भोकं बुजवायला सुतार पाठवलाय. पुन्हा कुणी पडायला नको."

भावाने डोळे उघडले. तिचा हात घट्ट धरला.

"ताई... बुजवू देऊ नकोस. मला पट्टी बांधली त्या बाई अजून आतच आहेत."

वरून हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले होते.