रेझिन सुकेपर्यंत

पहिल्या भेटीत ऑरिनने माझ्याकडे कस्टर्ड मागितलं नाही. कप मागितले. रिकामे.

आमच्या गावात, विस्कॉन्सिनमध्ये, छोट्या धावपट्टीसमोर माझ्या मावशीचं कस्टर्डचं दुकान आहे. पाऊस पडत होता, म्हणून गिऱ्हाईक नव्हतं. तो खिडकीशी आला तेव्हा पापण्यांवर थेंब होते आणि केसांत फोमचा निळा भुसा.

"तुमच्या कपांना आतून मेण असतं का?"

"असतं."

"मग राहू दे." तो इतका खचला की मला उगाच अपराधी वाटलं. "मेण रेझिनमध्ये उतरतं. मग पंख नीट चिकटत नाही."

"आमच्या कस्टर्डला पंख नसतात. आजवर तक्रार नाही."

तो हसला... आणि मी मागच्या खोलीतून बिनमेणाचे कप शोधून आणले. "हे न्या. पण एका अटीवर. तो पंख मला दाखवायचा."

पंख त्याच्या आईच्या गॅरेजमध्ये होता. आईची गाडी बाहेर पावसात भिजत होती. आत फायबरग्लासचं अर्धं विमान उभं होतं. खोक्यांतून सुटे भाग आणायचे आणि घरी स्वतः जोडायचं, असलं हौशी विमान. मोठे पंख मागे, छोटे पुढे.

"हे उलटं बसवलंयस का?"

"असंच असतं."

"आणि शेपूट?"

"नसतं."

"बरं. मला वाटलं विसरलास."

मग मी रोज संध्याकाळी जायला लागले. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने रेझिनचे दोन चिकट द्रव कपात कालवायचे, दुसऱ्याने काचेचं कापड पंखावर पसरून ब्रशने दाबत जायचं. एकदा कालवलं की रेझिन तापत, घट्ट होत जातं, कोणासाठी थांबत नाही.

"मार्लिस, इथे बुडबुडा राहिलाय," तो म्हणायचा, आणि माझ्या हातावर हात ठेवून ब्रश फिरवायचा. तिथे बुडबुडा नसायचा. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं... पण बुडबुड्यांचं काही सांगता येत नाही, म्हणून मी हात तिथेच ठेवला.

आणि मी ग्लोव्ह काढले. ग्लोव्हमधून त्याचा हात कळायचा नाही.

त्याने पहिल्यांदा माझं चुंबन घेतलं तेव्हा बाजूला रेझिन कालवलेला कप तापून धुरायला लागला. आम्ही दोघंही तो आपल्या प्रेमाचा धूर समजलो. कप वितळून टेबलाला चिकटला.

आठवडाभरात माझे हात कोपरापर्यंत लाल झाले, मग मान, मग चेहरा. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "रेझिनची ॲलर्जी. ती आता जायची नाही. त्याच्यापासून लांब राहायचं."

"रेझिनपासून?"

"आणि ज्याच्या अंगावर ते असेल त्याच्यापासून."

ऑरिनच्या अंगावर ते कायम असायचं. आंघोळ करून, नवा शर्ट घालून यायचा, आणि कानामागे रेझिनचा हिरवा ठिपका राहायचाच. मग आम्ही गाडीच्या काचेतून प्रेम केलं. मी आत, तो बाहेर बर्फात. तो काचेवर तळवा ठेवायचा, मी आतून. काच थंडगार.

"दुसऱ्या कोणाकडून करून घे ना," मी म्हणाले.

"नियम आहे. अर्ध्याहून जास्त विमान हौशी हातांनीच व्हायला हवं."

"मग उरलेलं?"

तो विचारात पडला. "उरलेलं करायला मजा येते."

"ऑरिन..."

"हे एकच, मार्लिस. पंख झाले, घासून रंग दिला, की रेझिनचा डबा मी परत उघडणार नाही. तुझी शपथ."

मी थांबले. मैत्रिणींची लग्नं झाली. मावशी विचारायची, "तो मुलगा करतो तरी काय?" मी सांगायचे, "घासतो."

विमान खरंच उडालं. सुरुवातीचे काही तास त्याला ते एकट्यानेच उडवावं लागलं, तोही नियमच. मग एका रविवारी त्याने मला मागच्या सीटवर बसवलं. वरून गाव कस्टर्डच्या वाटीएवढं दिसलं. उतरल्यावर त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मध्ये काच नव्हती. नखं कापलेली, हात स्वच्छ.

"रेझिन?" मी विचारलं.

"केव्हाच संपलं," तो म्हणाला.

मी रडले. सुखाने, असं तेव्हा वाटलं.

संध्याकाळी दोन्ही गाल लाल झाले. बोटं मोजता येतील इतके स्वच्छ ठसे उठले होते.

मी गाडी थेट गॅरेजपाशी नेली. दार उघडंच होतं. आत नवी खोकी होती, आणि ऑरिन ओल्या कापडावर वाकून ब्रश फिरवत होता. मला पाहून तो लाजला, आणि मग अभिमानाने बाजूला झाला.

"तुला एकदम दाखवणार होतो. चार सीटचं आहे. पुढे आपण दोघं, मागे मुलं."

"मुलं होणार कशी, ऑरिन?"

त्याने खरंच हिशेब केला. मला दिसलं. "पंख झाले की..."

माझे डोळे वाहायला लागले, आणि त्या पाण्याने गाल आणखी जळले. ते पुसायला त्याने हात पुढे केला. ग्लोव्हवरून रेझिन ओघळत होतं. त्याने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पंखाकडे पाहिलं.

"एवढं कापड बसवतो आणि येतो," तो म्हणाला. "लगेच. नाहीतर ते वाया जाईल गं."

"ये सावकाश," मी म्हणाले, आणि गाडी वळवली.