दोन कुप्यांची झाकणं

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेचा मोठा फ्रीजर बंद पडला आणि मेकॅनिक म्हणून अंकुश आला. जाम नावाच्या गावाजवळचा. घामानं भिजलेला, खांद्याला पान्यांची पिशवी, तोंडात प्रश्न.

"मॅडम, एवढ्या थंडीत काय ठेवून राह्यल्या तुम्ही?"

"एका कुपीत जगणं, एका कुपीत मरण," मी वैतागून म्हणाले. एरवी मी असं नाटकी बोलत नाही. पण वर्षभराचं काम वितळत असलं की माणूस काहीही बोलतो.

त्यानं पाना खाली ठेवला. "सांगा ना... खरंच."

मग सांगितलं. एकाच जनुकापासून आपली पेशी एका प्रथिनाची दोन रूपं बनवते. लांब रूप तिला जगवतं. आखूड रूप सांगतं, बाई, तुझी वेळ झाली. दोन्ही रूपांचे जनुक-तुकडे माझ्या दोन कुप्यांत होते.

"मंग मराले काऊन पायजे तिनं?"

"आईच्या पोटात तुमचा पंजा आधी चपटा, सलग होता. मधल्या पेशी वेळेवर मेल्या, म्हणून बोटं सुटी झाली."

तो आपला हात उलटसुलट करून पाहत राहिला. मीही पाहिला — निव्वळ शास्त्रीय कुतूहलानं, असं तेव्हा स्वतःला बजावलं.

माल वितळलाय का ते बघायला मी दोन्ही कुप्या उघडल्या आणि तेवढ्यात माझ्या गाइडनं, नमिता मॅडमनी, हाक मारली. परत आले तर अंकुशनं झाकणं लावून कुप्या बर्फात नीट ठेवल्या होत्या. मी त्याचे मनापासून आभार मानले.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. गॅस तपासायला म्हणे... सोबत गोरसपाकाचा पुडा, गाईच्या तुपातली खुसखुशीत बिस्किटं.

"फ्रीजर ठणठणीत आहे हो."

"म्हणून त पाहाले येतो. बिघडलेलं त कोनीबी पाह्यते."

मला हसू आलं. शनिवारची मी वाट पाहू लागले होते, हे कबूल करते.

इकडे प्रयोग मात्र उलटा चालला. लांब रूप दिलेल्या पेशी मरत होत्या, आखूड दिलेल्या मजेत जगत होत्या. तीनदा केला, तीनदा तेच. मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत उलगडा कर, नाहीतर विषय ऋग्वेदला देते. ऋग्वेद माझ्यामागून आलेला. शनिवारी मी अंकुशला हे सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "नाव कुठं लिवता तुम्ही?"

"झाकणावर." कुपीवरही लिहायचं असतं, पण घाईत आमची सगळ्यांची तीच खोड.

"मॅडम... ते झाकणं मी लावलेले. कोणतं कोनाचं, मले नाई समजलं. बरफात ठेवाची घाई होती. अंदाजानं लावले."

राग आला होता, खूप.

"कंपनीले लिहून द्या. माही नोकरी गेली त गेली. तुमचं काम नाई गेलं पायजे."

लपवलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं. ते मनात आलं आणि राग अर्धा ओसरला. उरलेला माझ्या स्वतःच्या खोडीवर निघाला.

दोन्ही कुप्यांतला एकेक तुकडा जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, पळवून बघायचं ठरवलं. वीज सोडली की आखूड तुकडा पुढे धावतो, लांब मागे रेंगाळतो. दीड तास लागतो.

"मी जाऊ?"

"बसा."

तो बसला. गोरसपाकाचा पुडा तसाच पडून राहिला. शेवटी निळ्या दिव्याखाली दोन रेघा दिसल्या. 'लांब' लिहिलेली पुढे पळाली होती, 'आखूड' मागे होती. म्हणजे झाकणांची अदलाबदल झाली होती; पेशी पहिल्यापासून बरोबर वागत होत्या, आणि माझे तिन्ही प्रयोगही बरोबर होते. सोमवारी दाखवायला माझ्याकडे सगळं होतं.

मी खुर्चीत बसून हसत सुटले, थोडी रडलेही.

"मंग मी आता येऊ नको ना?" त्यानं खाली बघत विचारलं.

"फ्रीजरसाठी नको."

"मंग... कायसाठी येऊ?"

मी हातमोजे काढले आणि हात पुढे केला. त्याला जरा वेळ लागला. मग त्यानं आपली बोटं माझ्या बोटांत अडकवली आणि त्या हातांकडे, अगदी पहिल्या दिवशीसारखं, पाहत राहिला.

"बऱ्या वेळेवर मेल्या त्या मधल्या पेशी," तो हळूच म्हणाला.