टाचेचे दोन फेरे

"नाही करणार मी सही!"

एवढंच म्हणाली आत्या, आणि हातातला उशीचा अभ्रा झटकून त्याची घडी घालू लागली. दारात भाची उभी होती, तीन जिने धावत चढून आलेली, धापा टाकत, अर्जाची फाईल छातीशी धरून. आधी ती हसली. आत्याची थट्टा तिच्या अंगवळणी पडली होती ना! पण आत्याचे ओठ जरासुद्धा हलले नाहीत, आणि पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं... ते मावळताना आत्याने अगदी डोळे भरून पाहून घेतलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

"आत्या, आज शेवटचा दिवस आहे गं. पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होते."

"ठाऊक आहे."

"दोनशे तास भरलेत माझे! तुझ्या डोळ्यांसमोर. एक खाडा नाही..."

"तेही ठाऊक आहे. आता दोन वाजलेत. तुझ्या बापाला बोलाव. सही हवी असेल तर त्याने स्वतः यावं, या दारात उभं राहावं आणि माझ्यापुढे हात पसरावा. मग बघू."

भाचीला अॅथलेटिक ट्रेनर व्हायचं होतं. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून झटायचं, झालीच तर मैदानात धावत जाऊन पहिला हात आपण लावायचा, आणि तो पुन्हा पळू लागेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही, असं ते काम. विद्यापीठात त्याची पदवी होती, जागा तीसच. अर्जाबरोबर गुणपत्रिका हवी, निबंध हवा, आणि परवाना असलेल्या ट्रेनरच्या हाताखाली काढलेले दोनशे तास हवेत, शेवटच्या पानावर त्याच्या सहीनिशी. ट्रेनर नात्यातला असला तरी चालत होता, परवाना मात्र पाहिजेच. शहरात असे परवानेवाले दोन. एक संघाबरोबर दौऱ्यावर गेलेला. दुसरी ही आत्या, स्टेडियमच्या उपचारखोलीत बसणारी.

सहा महिन्यांपूर्वी भाची विचारायला आली तेव्हा आत्याने तिला जवळ ओढून म्हटलं होतं, "ये की गं बबडे, विचारतेस काय!" आणि पोरीची पाठ वळताच मनाशी ठरवून टाकलं होतं. दोनशेच्या दोनशे तास भरू द्यायचे. बर्फाच्या बादल्या उचलू देत, पट्ट्या गुंडाळू देत, घामट मोजे काढू देत. आशेने अगदी काठोकाठ भरू दे तिला... आणि मग तोंडचा घास काढून घ्यायचा! लेकीचा चेहरा बघितल्यावर तरी त्या माणसाला कळेल, की घास हिरावला म्हणजे काय होतं ते.

भाची आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. "बाबा, तुम्ही लगेच या... नाही, मला काही झालं नाही... ती म्हणते, तुम्हीच या." आवाज कापत होता, पण पोरगी रडत नव्हती. आत्याला त्याचाही राग आला.

तो माणूस म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. बावीस वर्षांपूर्वीचा शहरातला सगळ्यात वेगवान फुटबॉलपटू! त्याचा उजवा घोटा मात्र नाजूक, आणि तो बांधावा धाकट्या बहिणीनेच. पुस्तकं मागून आणून, स्वतःच्या पायावर शंभरदा बांधून ती शिकली होती. मग तिने याच पदवीसाठी अर्ज केला. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा ती घरभर नाचली होती. पण मुलाखत नेमकी अंतिम सामन्याच्या दिवशी! आदल्या संध्याकाळी बंद दारामागून तिने भावाला वडिलांशी बोलताना ऐकलं, "अप्पा, तिला जाऊ देऊ नका. मुलाखत काय, पुढच्या वर्षीही होईल. उद्या माझा घोटा कोण बांधणार?" आणि अप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढच्या वर्षी अप्पाच अंथरुणाला खिळले, त्यांची शुश्रूषा कोणी करायची याचा विचारही कोणी केला नाही, आणि ती पदवीच्या वर्गात पोहोचली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. वर्गातल्या मुली तिला काकू म्हणायच्या.

पण हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

घोट्याची पट्टी बांधताना शेवटी टाचेला दोन फेरे देतात, एक आतून, एक बाहेरून. पट्टीची सगळी जान त्या दोन फेऱ्यांत! ते नसले तर वरची पट्टी नुसती शोभेची, आणि मोजा चढवला की बघणाऱ्याला काही कळत नाही. त्या सकाळी, मुलाखतीच्या खोलीत आपलं नाव पुकारलं जात असेल त्या घटकेला, भावाचा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या त्या वीस वर्षांच्या मुलीने ते दोन फेरे दिले नाहीत. विसरली नाही हो... दिले नाहीत! चाळिसाव्या मिनिटाला तो कोसळला. घोटा असा मोडला की पुन्हा कधी सरळ बसला नाही. सगळे म्हणाले, नशीब. तिनेही मान डोलावली.

तुम्ही म्हणाल, मग झालं की, उगवला सूड! छे. एक दिवसही तिचं पोट भरलं नाही. कारण ज्याच्यावर सूड उगवला त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तो आपला नशिबाला बोल लावत क्रीडा खात्यात कारकुनी करत राहिला, तिच्याशी कामापुरतं बोलत राहिला, आणि आतल्या आत ती जळत राहिली. त्याला कळेल असा एकच घाव तिला हवा होता.

साडेतीनला जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. तीन मजले! आत्या खुर्चीवर ताठ बसून एकेक पायरी ऐकत होती, आणि तिच्या अंतःकरणात एक क्रूर तृप्ती दाटून येत होती... आणि तिच्या तळाशी कसली तरी कळ उठत होती, तिच्याकडे मात्र ती ढुंकून बघत नव्हती.

भाऊ दारात आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने चौकटीला हात टेकला.

"छोटे, पोरीचा काय दोष?"

"काही नाही. माझा तरी काय होता?"

त्याने बाहीने कपाळ पुसलं.

"बोल ना! अप्पांनी थांबवलं, अप्पांनी थांबवलं, असं बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलास. मी दाराआड उभी होते त्या दिवशी. सगळं ऐकलंय मी!"

"मीच थांबवलं तुला," तो म्हणाला. "अप्पांच्या नावावर खपवलं. ते गेल्यावरही खपवत राहिलो. हवं तर पाया पडतो तुझ्या. पण सही दे. ती सहा महिने दुसरं काही बोललेली नाही गं, आत्याने आज हे शिकवलं, आत्याने आज ते शिकवलं..."

किती वर्षं वाट बघितली होती या क्षणाची! आणि आता तो आला होता. एवढ्यावर भागणार नव्हतं. तिला सगळं ओकून टाकायचं होतं, त्याच्या तोंडावर.

"मग तूही ऐक! तुझा पाय नशिबाने नाही मोडला. मी मोडला. टाचेचे फेरे मी दिलेच नव्हते त्या दिवशी. मुद्दाम!... कळलं? मुद्दाम!"

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडलं. भाऊ मात्र जागचा हलला नाही.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, चारशे वेळा तुझ्या हातून पट्टी बांधून घेतली होती मी. बूट घालून उभा राहिलो आणि टाच मोकळी लागली. तिथल्या तिथे कळलं."

"मग... मग उतरलास कशाला? सांगितलं का नाहीस? मी पुन्हा बांधली असती!"

"घड्याळ बघितलं. तुझी मुलाखत चालू असायची वेळ होती ती." तो म्हणाला. "तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. म्हटलं, हिला एवढा राग आला असेल तर तो मीच सोसला पाहिजे. मोडेल असं वाटलं नव्हतं गं, खरंच... मोडला. मग म्हटलं, आता तोंड उघडलं तर हिला जन्मात कोणी कुठल्या खेळाडूला हात लावू देणार नाही. म्हणून गप्प बसलो."

बावीस वर्षं जो घाव त्याला कळलाच नाही म्हणून ती तळमळत होती, तो त्याने उघड्या डोळ्यांनी घेतला होता, आणि वर तिच्यासाठी झाकून ठेवला होता! कुणाचा सूड, कुणावर? ती खुर्चीतच हुंदके देऊ लागली, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

चार वाजून गेले होते. भाची बाहेर आली, पांढरीफटक. तिने फाईल उघडली आणि शेवटचं पान आत्यापुढे ठेवलं.

आत्याने पेन घेतलं, आणि थबकली. सहीच्या वर एक ओळ छापलेली होती. *माझ्या हातून कोणत्याही खेळाडूला जाणूनबुजून इजा झालेली नाही.* परवान्याच्या प्रत्येक कागदावर असायची ती ओळ, आणि दरवर्षी ती डोळे मिटून सही ठोकायची. आज डोळे मिटेनात.

"नाही रे जमत," ती म्हणाली. "आता सूड नाही, शपथ घेऊन सांगते... पण तुझ्यासमोर खोटी सही कशी करू? हिच्या अर्जावर? हिचं आयुष्य माझ्या खोट्यावर उभं करू?"

भाऊ लंगडत टेबलापाशी आला. ओळ त्याने दोनदा वाचली.

"खोटं काय आहे त्यात?" तो म्हणाला. "त्या दिवशी तू ट्रेनर कुठे होतीस? ट्रेनर आम्ही तुला होऊच दिलं नाही. त्या दिवशी तू नुसती माझी बहीण होतीस. जे झालं ते घरात झालं, छोटे. ते घरातच राहू दे. ट्रेनर झाल्यापासून कुणाला दुखवलंयस?"

"नाही... कुणालाच नाही."

"मग कर सही."

तिने सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, शाईवर एक थेंबही पडला, पण पान वाचता येत होतं. भाचीने ते घाईघाईने फाईलमध्ये सरकवलं आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"आत्या, मला अजून राग आलेला नाही. येईल बहुतेक. तुमचा दोघांचाही. पण आधी हे देऊन येते!"

तिची पावलं जिन्यावरून धडधडत खाली गेली. खोलीत दोघंच उरली. भाऊ पलंगाच्या कडेवर टेकला आणि त्याने उजवा पाय हातांनी उचलून पुढे सरळ केला. आत्या बघत राहिली. साऱ्या शहराचे घोटे तिने हातात घेतले होते.

"अजून दुखतो का रे?"

"थंडीत दुखतो."

"मग माझ्याकडे कधी का आला नाहीस?"

"भीती वाटायची."

"माझी?"

"तुझी नाही गं. पाय हातात घेशील आणि रडत बसशील, त्याची."

आत्या कधीच खाली बसली होती, त्याचा बूट सोडत, आणि डोळ्यांतल्या पाण्याने तिला नाडीची गाठ दिसत नव्हती.