पाच नंबरची जागा

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही.

आणि भूतं रात्रीच निघतात, हे तुम्हाला सांगितलं कुणी? ही गोष्ट मे १९८७ मधल्या भरदुपारची आहे. नागपुरात घाट रोडवर एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस होतं. नाव सांगणार नाही.

मी कम्प्युटर दुरुस्त करायचो. आमच्या घरी बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर अंगारे-धुपारे बंद झाले होते. कुणी भुताचं नाव काढलं की बाबा त्याला दारातूनच हाकलायचे. मीही त्यांचाच पोरगा.

त्या ऑफिसात फ्रिजएवढं एक मशीन होतं. त्यातून एकच जाड केबल निघायची आणि टेबलाटेबलांवरून फिरत शेवटच्या खोलीत जायची. वाटेत तिला टर्मिनल जोडलेली. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. प्रत्येकाचा नंबर वेगळा. चुकून दोन टर्मिनलना एकच नंबर लागला, की मोठ्या मशीनला कळायचं नाही कुणाचं ऐकावं. मग दोन्ही बंद पडायची.

शेवटच्या खोलीत पाच नंबर.

तिथे माझी मोठी बहीण प्रेमिला बसायची. आमच्या घरातली ऑफिसात खुर्चीवर बसणारी ती पहिली बाई. आईने आमच्या सगळ्या जरीपटका वस्तीत सांगून ठेवलं होतं. पण नोकरी अजून कच्ची होती. त्याच महिन्यात पक्की व्हायची होती.

तिच्याआधी त्या खुर्चीवर देवकी नावाची बाई होती.

ती मागच्या उन्हाळ्यात गेली.

आमच्याकडे दुपारी कूलरमध्ये बादलीने पाणी टाकावं लागतं. आधी बटन बंद करायचं, मग पाणी टाकायचं. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण मॅनेजर मनोहररावांचा हुकूम होता... कूलर बंद करायचा नाही, टर्मिनल तापतं. देवकीने चालू कूलरमध्ये पाणी टाकलं. शॉक लागून जागीच गेली.

नंतर त्या शेवटच्या खोलीतला कूलर काढला. खिडकीला फळ्या ठोकल्या. मनोहररावांना कुणी साधं विचारलंसुद्धा नाही. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

तर त्या मे महिन्यात रोज दुपारी पाच नंबर बंद पडायला लागला.

मनोहरराव सगळ्यांसमोर ताईला म्हणाले, "तुमच्या आधी ही लाईन कधी गेली नव्हती बाई. जमत नसेल तर घरी बसा."

मला बोलावलं गेलं. केबल तपासली, ठीक. टर्मिनल बदलून पाहिलं, तरी तेच. मोठ्या मशीनच्या पडद्यावर एकच तक्रार येत होती. पाच नंबरवर दोघं आहेत.

सगळे नंबर पुन्हा पाहिले. पाच एकच होता.

शेवटी मी ताईचं टर्मिनल केबलमधून काढून टाकलं. केबलच्या तोंडाला टोपी लावली. आता त्या खोलीत मशीनला जोडलेलं काहीच नव्हतं.

परत येऊन मोठ्या मशीनचा पडदा पाहिला...

पाच नंबर चालू होता.

मी वायर हलवल्या, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पाच नंबर सगळ्यांच्या आधी चालू झाला. आणि पडद्याच्या खालच्या ओळीत त्याच्याकडून निरोप आला. इंग्रजी अक्षरं, पण शब्द आपले.

"तिले उठव."

मी धावत मागच्या खोलीत गेलो. ताई घाम पुसत बसली होती.

"ताई, ऊठ इथून. चल."

"काहून गा?"

मी सांगितलं. ती हसली नाही. चिडली.

"तूही त्याईच्यासारखाच बोलून राहिला काय गोविंदा? इथं कोनाले मी नाई पाहिजे, मले माहीत आहे. पन मी नाई उठत. लाव ते वायर."

"ताई, तिथं कोनीतरी आहे वं!"

"असू दे. मेली ती बिचारी, जागा आता माही आहे. लाव!"

दारात मनोहरराव उभे होते. "लावा लवकर. बुकिंग अडकून पडलंय."

मी वायर लावली.

पडदा उजळला... विझला... पुन्हा उजळला.

खोलीत गारवा आला. कूलरच्या ताट्यांना येतो तसा ओल्या वाळ्याचा वास आला. फळ्या ठोकलेल्या खिडकीकडून...

मग बादलीच्या कडीचा आवाज. खण्ण.

ताईने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. मी तिचा दंड धरून ओढला. ती हलेना. खुर्चीसकट जमिनीत रुतल्यासारखी बसली होती. हात बर्फासारखा गार.

मग तिने माझा हात झटकला. कीबोर्डकडे वळली आणि टाईप करायला लागली.

माझी बहीण दोन बोटांनी टाईप करायची. आता दहाही बोटं चालत होती.

"बघा, जमतंय की," मनोहरराव म्हणाले आणि निघून गेले.

त्या दुपारनंतर लाईन कधीच गेली नाही.

संध्याकाळी आम्ही सायकलींवर निघालो. ताई पुढे, मी मागे. घराकडे वळायच्या जागी ती वळलीच नाही. मी हाका मारत राहिलो. ती थेट प्रताप नगरात एका घरासमोर थांबली. मी ते घर कधी पाहिलं नव्हतं.

दारात एक म्हातारी तांदूळ निवडत होती. ताई तिच्या बाजूने आत गेली, माठ कुठे आहे हे न शोधता पाणी घेतलं आणि गटागट प्यायली. म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"माही सून देवकी अशीच यायची... अशीच आल्याआल्या पानी प्यायची..." ती म्हणाली. "बाबू, कोन आहे ही?"

"माझी बहीण," मी म्हणालो.

तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं. घरात घुसलेल्या चोराकडे पाहावं, तसं.

मी तिला जबरदस्तीने घरी आणलं. सगळे म्हणाले, ऊन लागलं. आठवड्याने नोकरी पक्की झाली, आईने पेढे वाटले. ताई त्याच ऑफिसातून रिटायर झाली. आजही आमच्याच घरात राहते. कमी बोलते. मी खोलीत गेलो की गप्प होते, आणि मी बाहेर पडेपर्यंत माझ्यावरची नजर काढत नाही. मी रात्री आतून कडी लावून झोपतो. स्वतःच्या बहिणीची भीती वाटते, हे कुणाला सांगू?

आई शेवटच्या आजारात होती तेव्हाची गोष्ट. मी तिला औषध देत होतो. तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं,

"बाबू, माही प्रेमिला ऑफिसातून अजून काहून नाई आली गा?"

ताई तिच्या उशाशीच बसली होती.