ऑइल पिणारी लाल गाडी

सुट्टीचा दिवस होता. गल्लीतली सगळी दुकानं बंद होती आणि दादामिस्त्रीनं तेवढं आपलं गॅरेज उघडलं होतं. काम होतं म्हणून नव्हे. घरी थांबलं की आई समोर दिसायची, आणि आई दिसली की धाकटा भाऊ आठवायचा.

धाकट्याला सगळे चिमटा म्हणायचे. काडीसारखा पोरगा, कुठल्याही गाडीखाली बोटभर जागेतून शिरायचा. तोंडात सतत लवंग. आता त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. लोक हळहळायचे आणि वर म्हणायचे, ‘पण चूक त्याचीच होती हो.’ आईला ते वाक्य ऐकवत नसे. मुलगा गेला याच्याइतकंच, मुलगा बेपर्वा ठरून गेला याचं दुःख तिला जाळत होतं.

तर दादामिस्त्री जुने नट घासत बसला होता आणि दारात ती लाल गाडी येऊन थांबली.

बुटकी, रुंद, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी. शर्यतीत पळणारी असते तसली. ती त्यानं लगेच ओळखली. हिच्याच खाली चिमटा मेला होता.

गाडीतून शेठ उतरला. त्याची बायको आतच बसून राहिली, मान खाली घालून.

“गाडी ओढत नाही,” शेठ म्हणाला. “चढ आला की दम टाकते. पिकअप म्हणून राहिला नाही. आणि ऑइल भरलं की लगेच कमी होतं, पुन्हा दिवा लागतो. सगळी गॅरेजं फिरलो. जो तो म्हणतो, या इंजिनाचं ज्ञान फक्त त्या दोघा भावांना...” तो थांबला. मग खांदे उडवून म्हणाला, “झालं गेलं विसरून जा, मिस्त्री.”

दादामिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला पाना या माणसाच्या कपाळात घालावा असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं त्यानं लपवलंही नाही. शेठ एक पाऊल मागे सरला. पण गाडी दारात उभी होती, आणि तिच्यात नेमकं काय बिघडलंय हे बघितल्याशिवाय ह्या जन्मात दादामिस्त्रीला झोप लागली नसती.

“खड्ड्यावर घ्या, खालून बघावं लागेल,” तो म्हणाला.

बोनेट उघडून त्यानं ऑइल मोजायची पट्टी ओढली. टोकाला जेमतेम ओल. इंजिन ऑइल जाळत असेल तर मागून निळा धूर यायला हवा, तो नव्हता. रेडिएटरच्या पाण्यात मिसळत असेल तर पाणी दुधाळ दिसायला हवं, ते स्वच्छ होतं. प्लग काढून बघितले, कोरडे. इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोचे पाइप चाचपले, कुठे चीर नाही. म्हणजे ऑइल बाहेर पडत नव्हतं आणि आत जळतही नव्हतं. मग जात कुठे होतं?

त्यानं ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि वास घ्यायला वाकला. जळका वास नव्हता. लवंगेचा होता.

तो हळूच मागे झाला. शेठला त्यानं काही सांगितलं नाही. बॅटरी घेतली आणि खड्ड्यात उतरला.

वर दुपार होती, पण खड्ड्यात नेहमी संध्याकाळ असते. गल्लीतले आवाज तिथं पोचत नाहीत. त्यानं बॅटरीचा उजेड इंजिनाच्या पोटावर धरला. तळाशी ऑइलचा एक थेंब फुगला. थेंब खाली पडतो. हा पडला नाही. लोखंडावरून तो सरकायला लागला, चढावर, उलटा. त्याच्यामागून दुसरा निघाला, मग तिसरा. गाडीच्या सांगाड्याच्या मधल्या आडव्या पट्टीला एक पोचा आला होता, बरोबर माणसाच्या छातीच्या रुंदीचा. थेंब तिथपर्यंत जात होते आणि लोखंड ते पिऊन टाकत होतं. घोटाघोटानं.

“चिमट्या...” त्याच्या तोंडून निघून गेलं.

ठक. ठक.

दोन ठोके. बंद इंजिनाच्या आतून.

दोघा भावांची ती कामाची रीत होती. गॅरेजच्या गोंगाटात गाडीखालचं बोलणं वर ऐकू येत नाही, म्हणून पान्यानं ठोकायचं. एक ठोका म्हणजे सुरू कर. दोन म्हणजे बंद कर, बंदच ठेव. स्टिअरिंगवर कोणीही बसो, आधी त्याला हे शिकवायचं. त्या दिवशी शेठच्या बंगल्यावर कामाला गेल्यावर चिमट्यानं त्यालाही शिकवलं होतं. आणि पोलिसांना शेठनं सांगितलं होतं, एकच ठोका पडला, म्हणून मी इंजिन चालू केलं. गाडी जॅकवरून उडाली यात माझा काय दोष?

“मिस्त्री, काय ठोकताय?” वरून शेठनं विचारलं.

“मी नाही ठोकत,” दादामिस्त्री म्हणाला. “शेठ... किती ठोके ऐकू आले?”

वर शेठचे बूट मागे सरकले.

“किती?”

“एक... एकच होता.”

ठक. ठक. या वेळी अख्खी गाडी हादरली.

“एकच होता!” शेठ ओरडला. “तेव्हाच सांगितलंय मी, एकच होता!”

“मी आत्ताचं विचारतोय,” दादामिस्त्री म्हणाला.

गाडीच्या आतून एक बारीक आवाज आला. शेठच्या बायकोचा. “दोन पडले,” ती म्हणाली. “त्या दिवशीही दोनच होते. मी पोर्चमध्ये उभी होते.”

“तू गप्प बस...”

ठक. ठक. ठक. ठक. आता ते थांबेनात. भिंतीवर टांगलेले पाने खळखळायला लागले, आणि शेठचा आवाज एकदम रडवेला झाला. “हो! दोन होते! मित्र बघत होते, म्हटलं जरा रेस करून दाखवू. गिअरमध्ये आहे हे लक्षात नाही आलं. एवढंच झालं... एवढंच!”

ठोके थांबले.

दादामिस्त्री वर आला. हवं होतं ते मिळालं होतं. त्यानं आणि शेठच्या बायकोनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. आता आईला जाऊन सांगता आलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण ते “एवढंच” त्याच्या डोक्यात घण घालत होतं.

त्यानं पट्टी पुन्हा ओढली. आता ती पुसून ठेवल्यासारखी कोरडी होती. अशी गाडी रस्त्यावर सोडायची नसते. कुठलाही मिस्त्री अशा वेळी चावी काढून घेतो. दादामिस्त्रीनं पट्टी जागेवर घातली आणि बोनेट अगदी हळू बंद केलं.

“न्या,” तो म्हणाला.

“ऑइल?”

“बघितलं.”

मग तो दुसऱ्या बाजूला गेला आणि दार उघडून उभा राहिला. “वहिनी, तुम्ही उतरा. मी रिक्षा बघून देतो.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे वळूनही न बघता ती उतरली. शेठला तर तिथून कधी एकदा पळतोय असं झालं होतं. त्यानं चावी फिरवली. इंजिन असं गरजलं की गल्लीतली कबुतरं उडाली. पहिल्या दिवशी नसेल एवढी ओढ त्या गाडीत आली होती.

संध्याकाळी बातमी कळली. घाटाच्या चढावर गाडी लोकांच्या डोळ्यांदेखत सुसाट वर गेली आणि वळणावर वळलीच नाही. शेठ सीटवर सापडला नाही. गाडीखाली सापडला, उताणा, सरळ, कामाला झोपलेल्या माणसासारखा. इंजिनात ऑइलचा थेंब नव्हता. सगळं त्याच्या घशात होतं.

दादामिस्त्री घरी आला तेव्हा आई भांडी घासत होती, आणि गुणगुणत होती. तो काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “कळलं मला. येऊन गेला ना चिमटा. किती दिवसांनी पोटभर जेवला.” तिचा चेहरा उजळला होता. “दादानं चांगलं काम केलं म्हणाला. आणि विचारून ठेव म्हणाला... पुढचा कोण?”

“कुणी नाही!” दादामिस्त्री जवळजवळ ओरडला. “संपलं, आई. त्याला सांग, संपलं.”

पण अंथरुणावर पडल्यावर मन कुणाचं ऐकतं? नको नको म्हणत असताना त्याला तो पोलिस अंमलदार आठवला. शेठच्या पोर्चमध्ये चहा पीत पंचनामा केलेला, ‘चूक मयत मिस्त्रीची’ असं लिहिताना हसलेला. दादामिस्त्रीनं दात आवळले, कूस बदलली, भलतंसलतं आठवून बघितलं. चेहरा जाईना.

सकाळी त्यानं शटर वर केलं, तर समोर तोच अंमलदार उभा होता. साध्या कपड्यांत, ओशाळवाणं हसत. मागे त्याची छोटी गाडी, इंजिन चालू.

“जरा बघता का, मिस्त्री? चांगली होती हो कालपर्यंत. ओढतच नाही. आणि ऑइलचा दिवा जात नाही.”

मागच्या सीटवर त्याची लहान मुलगी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन.

“तिला आधी उतरवा,” दादामिस्त्री म्हणाला. “साहेब, पोरीला आधी बाहेर काढा.”

“तेच तर,” अंमलदार म्हणाला. “ती आत बसली, आणि तेव्हापासून मागची दारं उघडतच नाहीयेत.”