अर्धी पानं, अर्धी वेटोळी

"साहेब, माझा चोरीला गेलेला हॉल सापडला. लवकर या."

फौजदार कडुबा गाडेकरांनी कपाळाला हात लावला. हॉलची सजावट आखणाऱ्या रूपाच्या फोनांचा त्यांना आता धसकाच बसला होता.

बीड बायपासवरच्या नव्या मंगल कार्यालयात ते पोचले. आत ग्रीक धाटणीचे उंच खांब. डाव्या रांगेच्या माथ्यावर काटेरी पानं, उजव्या रांगेच्या माथ्यावर वेटोळी. छतसुद्धा अर्धं निळं, अर्धं गुलाबी.

"माझ्या चित्रातलंच आहे," रूपा म्हणाली. "पण वाट लावली हो त्याची."

मालकाचं म्हणणं एकच, डिझाईन मोबाईलवर सापडलं. त्यापुढं तो तोंड उघडेना.

शहरात तात्यासाहेबही एक मंगल कार्यालय बांधत होते; त्यांच्या हॉलसाठी रूपानं जलरंगात ही चित्रं काढली होती. महिन्यापूर्वी ती चित्रं साइटवरच्या कपाटातून चोरीला गेली. कुलूप शाबूत होतं. तात्यासाहेबांनी ओळखीपाळखीच्यांना फोन करून सांगितलं, हिनंच विकली. रूपाची हातातली कामं गेली. फुलंब्रीहून येऊन या शहरात तिनं कमावलेलं नाव मातीत गेलं, आणि कडुबांना साधा धागा सापडत नव्हता. त्यांना स्वतःचाच राग येत होता.

रूपाला आणि हवालदाराला जीपमध्ये घेऊन ते तडक तात्यासाहेबांच्या साइटवर गेले. कपाटाच्या किल्ल्या असलेले तिघेही तिथंच होते.

"तात्यासाहेब, चित्रं पसंत होती?"

"ताईंनी दाखवली त्या बैठकीतच पसंत केली. पानं ठेवा म्हणलं, वेटोळी नको. छत निळं."

"पुंडलिक, तुम्ही?"

"बैठकीला मी व्हतो की," पीओपीचा ठेकेदार म्हणाला. "पानांचा साचाबी केला. चित्रंच गेली, काम थांबलं."

"विश्वजीत, तुम्ही होता?"

"मला कोण बोलावतं?" तात्यासाहेबांचा मुलगा म्हणाला. "मी बाहेर मांडववाल्याशी बोलत होतो."

कडुबा रूपाकडं वळले. "ताई, एकाच चित्रात पानंबी अन् वेटोळीबी कशापायी?"

"साहेब, दोन पर्याय एकाच कागदावर दाखवते मी. डावा अर्धा एक, उजवा अर्धा दुसरा. गिऱ्हाईकानं एक निवडायचा, सगळा हॉल तसाच करायचा. हे मी बैठकीत तोंडीच सांगितलं."

कडुबांनी खुर्ची ओढली. महिनाभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज शांत झाला.

"बायपासवाल्यानं दोन्ही पर्याय एकाच हॉलात बांधले. ताईंनी चित्रं विकली असती, तर एक निवडा म्हणून सांगितलं असतं. तात्यासाहेबांना ते ठाऊक. पुंडलिकनं तर साचा केलेला. किल्ली असून हे ठाऊक नसलेला एकच माणूस उरतो. विश्वजीत, चित्रं कुठंयत?"

"गाडीच्या डिकीत," विश्वजीत म्हणाला. "त्या हॉलमध्ये माझी भागीदारी आहे. तिथं तरी माझं कुणी ऐकतं."

"लेका, मला सांगायचं व्हतं," तात्यासाहेब कसंबसं म्हणाले.

"कधी, तात्या? त्या बैठकीत बसवलं असतं, तर मी आज सापडलोही नसतो."

विश्वजीत हवालदाराबरोबर जीपकडं गेला.

रूपा जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "तात्यासाहेब, ज्यांना ज्यांना फोन करून मला चोर म्हणालात, त्या सगळ्यांना परत लावा. इथंच, माझ्यासमोर."

"काय सांगू त्यांना?"

"कुणी चोरली, ते."

तात्यासाहेबांनी एकदा जीपकडं बघितलं. मग खिशातून चष्मा काढला आणि पहिला नंबर शोधायला लागले.