चौथा नमुना

तिसऱ्यानंतर एकदम पाचवा.

नोंदवाल्या बाईंनी वह्या पुन्हा लावून पाहिल्या. युद्धानंतर कारखान्याने बनवलेल्या रणगाड्याचा इतिहास छापायचा होता. एका नमुन्याला एक प्रकरण. चौथ्या नमुन्याची वहीच नव्हती.

"चौथा कागदावरच राहिला," अण्णा म्हणाले. निवृत्त फोरमन, जुनं सांगायला मुद्दाम बोलावलेले. "तुम्ही बाई, हरवलेल्या टाचणीचाही पंचनामा कराल."

"करते. टाचणी खोटं बोलत नाही."

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. त्यांचा नवरा रणगाड्यात गोळे भरायचा. बावीस वर्षांपूर्वी, चाचण्या चालू असताना, "काम सोडून पळाला" असा शेरा पडला. तो गेला कुठे, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. जुनी कागदपत्रं उघडलीत असं ऐकून त्या आल्या होत्या.

"पाचवा नवा कोरा होता ना, अण्णा?"

"नवरीसारखा."

"मग पहिल्याच दिवशी मीटरवर तीनशे बारा तास?"

"इंजीन आधी बाकड्यावर चालवलेलं. त्याचे तास."

उत्तर चोख होतं. चोख उत्तराचा बाईंना संशय यायचा; खरं आठवणारा माणूस आधी डोकं खाजवतो.

त्यांनी कोठाराची वही काढली. पाचव्यासाठी उचललेला माल: गोळे भरणाऱ्याचं एक आसन, विजेच्या तारा, दोन डबे पांढरा रंग. तारीख नऊ. पट्टे नाहीत, चाकं नाहीत.

पाचवा नमुना फाटकाशी चौथऱ्यावर उभा होता. दुपारी बाई शिडी लावून चढल्या. गोळे भरणाऱ्याच्या डोक्यावरच्या झाकणाला, कडेला, वेल्डिंग घासून काढल्याच्या दोन खुणा होत्या. आतला पांढरा रंग त्यांनी किल्लीने खरवडला. खाली काजळी.

परतल्यावर त्यांनी अण्णांसमोरच वहिनींना आत बोलावलं.

"पाचवा कधी बनलाच नाही. चौथ्यावरच पाचाचा आकडा घातला, म्हणून पट्टे लागले नाहीत आणि मीटरचे तासही त्याचेच. आतून तो जळाला होता. आसन बदललं ते एकच."

"मग हे पळाले ते?" वहिनींनी विचारलं.

"अकरा तारखेला फाटकाबाहेर जाताना दिसले, असा अहवाल आहे. जळालेलं आसन बदललं नऊ तारखेला. आणि दवाखान्याच्या वहीत त्या आठवड्यात भाजलेला एकही माणूस नाही. आसन जळतं, त्यावरचा माणूस दोन दिवसांनी ठणठणीत चालत जातो? आसनाच्या चिठ्ठीवर आणि अहवालावर सही एकाचीच. अण्णा, झाकणावरचे वेल्डिंगचे ते दोन टाके कोणाचे?"

अण्णा बराच वेळ डोकं खाजवत राहिले.

"झाकण खडखडायचं. मोजायची यंत्रं चुकायची. चाचणीपुरते दोन टाके मारायचो, संध्याकाळी घासून काढायचो. नेहमीचंच होतं ते."

"त्या दिवशी?"

"गोळ्यांची दारू पेटली. आत तो एकटाच. आतून ठोकत होता. वर कळलं असतं तर कारखाना बंद. चारशे माणसं होती, बाई."

"म्हणजे तीनशे नव्याण्णव वाचवलीत. पुरलंत कुठे?"

"मैदानात. नंतर त्यावर चाचणीचा चढाव बांधला. पुढचे सगळे रणगाडे त्यावरूनच गेले."

वहिनी रडल्या नाहीत.

"भाऊजी, तुम्ही तर दर वर्षी घरी येऊन सांगायचात. रेल्वेत दिसला. दाढी वाढवलीय म्हणालात."

"तुम्ही खंगत चालला होतात, वहिनी."

बाईंनी "पळाला" हा शेरा खोडायला पेन उचललं. वहिनींनी पानावर हात ठेवला. नजर मात्र अण्णांवरच होती.

"यंदा कुठे दिसले?"

अण्णांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बंदरात," अण्णा म्हणाले. "बंदरात दिसला."

"बारीक झालेत का हो?"